माणूस दाखव

खेळ सुरू होण्याआधी तो पडद्याच्या भोकाला डोळा लावायचा. ओठाखालची तंबाखू जिभेने एका गालातून दुसऱ्या गालात ढकलायचा आणि मागे न बघता हात लांब करून माझी बाही ओढायचा. "मले मानूस दाखव," म्हणायचा.

मी लोधीपुऱ्यातला. बऱ्हाणपुरातली निम्मी माणसं मला नावागावानिशी माहीत. मग मी त्याच्या शेजारी वाकून हळूच सांगायचो. तो लाल पागोट्याचा कापसाचा दलाल आहे, बायकोने घराबाहेर काढलंय, मुनिमाच्या ओसरीवर झोपतो. तो टोपीवाला शाळेतला मास्तर आहे, मुलांना मारताना स्वतःच डोळे मिटून घेतो. एवढं त्याला पुरे. अर्ध्या तासात तो दलाल किंवा तो मास्तर आमच्या माचावर चालू लागलेला असे आणि खाली बसलेली हजार माणसं पोट धरून हसत असत.

त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तापीच्या दोन्ही काठांवरची म्हातारी माणसं आजही हसतील, आणि मला ते हसणं नको आहे. फडात सगळे त्याला नाना म्हणत. तोंडावर मीही म्हणत असे.

आमचा फड दुपारचा. बाजाराला आलेल्या माणसांना दिवेलागणीच्या आत गाड्या जुंपून आपापल्या गावी जायचं असे, म्हणून खेळ उन्हातच उभा राही. लिहिलेलं असं आमच्याकडे काही नव्हतं. जेवणं झाली की मालक गोष्ट सांगत. राजा म्हातारा आहे, प्रधान कपटी आहे, राणी रुसून माहेरी गेली आहे. बस, एवढंच. पुढे ज्याने त्याने उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं, आणि पेटी, ढोलकी, तुणतुणं यांनी त्या बोलण्याच्या मागे मागे जायचं. पेटी माझ्याकडे होती. ढोलकी एका म्हाताऱ्या मोमीन विणकराकडे होती. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. आणि सोंगाड्या म्हणजे हा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी लांबून बघायला गोड वाटतात आणि जवळ आली की शिसारी येते. त्याच्या धोतराला नेहमी आंबट वास यायचा. नाक शिंकरायला त्याला पडद्याची कडा लागे. आमच्या पाटीतली भाकरी तो आधी हाताळून बघे, दाबून बघे आणि मग दुसरीच उचले. माचावर जायची वेळ झाली की तोंडातली तंबाखू काढून बांबूला चिकटवी आणि परत आला की तीच पुन्हा तोंडात टाकी. एकदा नाच्याने त्याला यावरून टोकलं. त्याने तंबाखू काढून नाच्यापुढे धरली आणि म्हणाला, "घे, पाहून घे. माही आहे का दुसऱ्याची?" नाच्या दोन दिवस जेवला नाही.

पण गुण होता. तो नाकारला तर मी खोटारडा ठरेन.

एकदा शाहपूरच्या बाजारात पहिल्या रांगेत एक जाडजूड पाटील बसला होता. त्याला सर्दी झालेली. राजा न्याय द्यायला तोंड उघडी आणि पाटील शिंके. दोनदा झालं, तीनदा झालं. राजाचं काम करणारा गडबडला, पुढचं बोलणं विसरला. तेव्हा हा धावत माचाच्या कडेला आला, पाटलाला लवून मुजरा केला आणि राजाला म्हणाला की महाराज, वरच्या दरबारातून हुकूम आला, एक शिंक म्हणजे सोडून द्या, दोन म्हणजे फाशी. त्यानंतर तासभर खेळ पाटलाच्या नाकावर चालला. चोराचा निकाल, राणीचा निकाल, शेवटी प्रधानाचा निकाल. सगळा बाजार श्वास धरून पाटलाच्या नाकाकडे बघत होता. पाटील स्वतः इतका हसला की शिंक यायची थांबली, तर हा त्याच्यापुढे तपकिरीची डबी घेऊन उभा. चाचांनी त्या दिवशी ढोलकी खाली ठेवून डोळे पुसले. मीही हसलो. असे दिवस होते म्हणूनच मी त्याच्याजवळ बसून वाजवत राहिलो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या घराच्या डाव्या हाताला तात्यांचं घर होतं. कलाबत्तूचं काम करायचे. पोलादी पट्टीतल्या बारीक बारीक भोकांतून तार ओढून ओढून केसासारखी करायची, असं ते काम. त्यांचा हात इतका हलका होता की राजपुऱ्याचे शेठ लग्नाच्या शेल्यांसाठी जरीची तार त्यांच्याकडूनच घेत. माझे वडील शाळामास्तर. ते तापाने पडले तेव्हा आमच्या घरी दोन महिने जेवण तात्यांच्या घरून आलं. काकू, म्हणजे तात्यांची बायको, ताट झाकून आणत आणि न बोलता ठेवून जात.

त्यांना उशिरा एक मुलगा झाला. त्याला सगळे बाळ्या म्हणत. पाच वर्षांचा होता. प्लेग आला तेव्हा गाव रिकामं करून आम्ही सगळे तापीपलीकडे शेतांत झोपड्या बांधून राहिलो. बाळ्या तिथे गेला. जांघेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी संपलं.

साथ उतरली. झोपड्या मोडून माणसं गावाकडे परतली, तेव्हा तात्याही परतले. डाव्या हाताचं एक बोट थोडं खाली सोडून, कोणीतरी ते धरलं आहे अशा बेताने. पाऊल बारीक टाकत होते. मधूनच थांबत, खाली बघून काही बोलत, पुन्हा चालत. त्यानंतर ते तसेच चालू लागले. बाकी सगळं ठीक होतं. काम करत, हिशेबाचं बोलत, देवळात जात. फक्त बोट खाली असे.

लोधीपुऱ्यात त्यांना कोणी हसलं नाही. हे मी अभिमानाने सांगतो, कारण पुढे अभिमानाचं काही येणार नाही. पाण्याला निघालेल्या बायका त्यांच्या उजव्या बाजूने जात, डावीकडची जागा सोडून. वाणी दोन बत्तासे पुडीत बांधून देई. काकू तिसरं लहान ताट वाढत. त्यात वाढलेलं नंतर गाईला घालत. चार वर्षं हे असं चाललं होतं.

त्या साली आमचा फड बऱ्हाणपुरात महिनाभर होता. राजपुऱ्याच्या वेशीजवळ कनात लावली होती. एके दिवशी सकाळी मी आणि तो चहा पीत बसलो असताना तात्या रस्त्याने गेले. वेशीतून गाड्यांची दाटी होती. तात्या थांबले, बोट जवळ ओढून घेतलं, गाड्या जाऊ दिल्या आणि मग रस्ता ओलांडला.

त्याने माझी बाही ओढली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. हसवायला म्हणून नाही सांगितलं. दोन महिन्यांचं जेवण सांगितलं, झोपड्या सांगितल्या, लहान ताट सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मी आजही शपथेवर सांगेन. ते गालावरून उतरून मिशीत गेलं. आणि त्याच वेळी माझी नजर खाली गेली. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताचं बोट हळूहळू बाहेर येत होतं, थोडं आत जात होतं, पुन्हा बाहेर येत होतं. किती वाकवायचं ते तो बघत होता.

मी मनाला म्हटलं, सवय आहे त्याची.

दोन दिवसांनी बाजार होता. कनात भरून बाहेर माणसं उभी होती. तात्या कधी खेळाला येत नसत. त्या दिवशी काकूंच्या भावाने त्यांना आणलं. त्यांना बाजार दाखवायचा, थोडं मन रमेल, असा त्याचा विचार. ते तिसऱ्या की चौथ्या रांगेत बसले. शेजारी थोडी जागा मोकळी ठेवून बसले.

गोष्टीत त्या दिवशी एक वेडा राजा होता. वेड कसलं ते मालकांनी सांगितलं नव्हतं. हा माचावर आला तो तात्यांचं बोट घेऊनच आला.

नुसतं बोट असतं तर मी कदाचित आज हे लिहिलं नसतं. त्याच्याजवळ सगळं होतं. पावलं होती. गाड्या जाऊ देताना मनगट जवळ ओढणं होतं. खाली बघताना ओठांच्या कडेला जे हसू यायचं, जे मी चार वर्षं शेजारी राहून धड पाहिलं नव्हतं, तेही त्याने आणलं होतं. लोक हसायला लागले. गावातली माणसं होती, ओळखलं त्यांनी. लोधीपुऱ्यातलेही होते. घरी, गल्लीत ज्यांनी डावी बाजू चार वर्षं सोडली होती, ते इथे हजार माणसांत बसल्यावर हसले. मी त्यांचे चेहरे पाहिले. तोंडं उघडी, दात लाल, एकमेकांच्या मांडीवर थापा. मला तेव्हापासून माणसांच्या हसणाऱ्या घोळक्याची किळस येते ती आजतागायत.

तात्या उठले. वाट काढत पुढे आले आणि माचावर चढले. मेव्हणा मागून धोतर ओढत होता. लोकांना वाटलं खेळच आहे, जास्तच हसू फुटलं. तात्या सोंगाड्याजवळ गेले. रागावले नव्हते. त्यांनी त्याच्या बोटाखालच्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू चाला भाऊ. दमतो तो."

चाचांची ढोलकी थांबली.

माझी पेटी थांबली नाही. माझा डावा हात भाता ओढत राहिला आणि उजवा हात सूर धरून राहिला. बोलणं चालू असताना मागे सूर ठेवायचा, हे नऊ वर्षं हातात भिनलेलं. मी ठेवला.

त्याने चाल हळू केली. तात्या दुसऱ्या बाजूला आले आणि त्यांनी आपलं बोट खाली सोडलं. दोघे मध्ये ती एवढीशी जागा ठेवून माचाला एक फेरी मारून आले. आता काही माणसं गप्प झाली होती. मला वाटलं, इथे हा सोडेल. काहीतरी बोलून तात्यांना खाली उतरवेल. त्याला येत होतं ते, त्याला सगळंच येत होतं.

माचाच्या कडेशी आल्यावर तात्या म्हणाले, "द्या आता इकडे. जेवायची वेळ झाली त्याची."

तो थांबला. लोकांकडे पाहिलं. गप्प झालेली माणसं त्याला सोसत नसत. त्याने वाकून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, धोतराचा सोगा उचलून खाली पाहिलं, माझी पेटी सरकवून तिच्यामागे पाहिलं. मग सरळ उभा राहिला, दोन्ही पंजे उघडे करून तात्यांना दाखवले आणि म्हणाला, "कोन? अठी तं कोनीच नाही."

कनात कोसळेल असं हसले लोक.

तात्यांनी त्या जागेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आपला डावा हात उचलला, तळवा एकदा बघितला आणि हात खिशात घालावा तसा बंडीत घातला. मेव्हण्याने त्यांना खाली उतरवलं. बाहेर जाताना ते माणसांतून सरळ गेले, दोन्ही बाजूंना धक्के खात.

त्यानंतर त्यांचं बोट कोणी पाहिलं नाही. आणि आता सांगतो ती गोष्ट मला सगळ्यांत जास्त नासकी वाटते. गावाला आनंद झाला. चार वर्षांचं वेड एका दुपारी उतरवलं, असं वेशीपासून तापीच्या घाटापर्यंत बोलणं झालं. कापसाच्या व्यापाऱ्यांनी त्याला बोलावून फेटा बांधला. काकूंचा भाऊ माव्याच्या जिलेबीची टोपली घेऊन आला आणि त्याच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो फेटा घालूनच जिलेबी खात बसला होता. पाक कोपरापर्यंत आलेला, तो जिभेने वर वर चाटत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, नाना, तात्यांचं सोंग का काढलं?

"तूच तं दाखवला," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी सांगितलं ते असं करायला सांगितलं नव्हतं. ठीक, काढलं तर काढलं, पण शेवटी कोणी नाही असं का म्हणालात?

त्याने खरंच विचार केला. चघळायचं थांबवून विचार केला. "तेच सुचलं रे," म्हणाला. मग अर्धी खाल्लेली जिलेबी मोडून, चिकट हाताने माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली आणि खाल्ली. का खाल्ली, हे मला आजही सांगता येणार नाही. तोंडात घोळवली, गिळली आणि मग कनातीमागे जाऊन ओकलो.

आठवडाभराने तात्यांकडे गेलो. ते आत कामाच्या जागेवर बसले होते, पण तार जागच्या जागी होती. माझी चौकशी केली, वडिलांची चौकशी केली. सगळं रीतसर. कोणीही म्हटलं असतं की शहाणा, बरा माणूस आहे. काकू ओसरीवर आल्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की तात्यांनी तिसरं ताट लावू नको म्हटलं आहे. सांगताना त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा उमगलं, की चार वर्षं ते ताट एकट्या तात्यांसाठी लागत नव्हतं.

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "तू वाजवत होता ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"चाचा थांबले," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

फड बऱ्हाणपुरात अजून दहाबारा दिवस होता. मला वाटत होतं की तो तात्यांना विसरला असेल. मी फडाबरोबर कनातीतच झोपत असे; एके सकाळी घरी आलो तर गल्लीत हा उभा. फेटा नाही, अंगावर साधी बंडी. तात्या ओसरीवर बसले होते. हा त्यांच्या घरासमोरून बोट खाली सोडून चालत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. हसवायला नव्हे. गल्लीत हसायला कोणी नव्हतंच. त्या दिवशी माचावर केलं त्याहून तो चांगलं चालत होता. मी भिंतीशी उभा होतो आणि मला, खोटं का बोलू, बाळ्या दिसला. अमुक उंचीवर त्याचं डोकं दिसलं.

नंतर कळलं की तो पाच दिवस रोज येत होता. पहिल्या दिवशी काकूंनी त्याच्या अंगावर शेणपाण्याची बादली ओतली होती. तो तोंड पुसून पुन्हा चालू लागला होता.

तात्या त्या सकाळी बराच वेळ बघत होते. मग जागेवरूनच, अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमच्यासोबत कोणी नाही. उन्हाचे कशाला फिरता?"

तो थांबला. हात खाली पडला. माझ्याजवळून जाताना मला म्हणाला, "देता येत नाही रे मले परत. काढताच येते." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी, एवढ्या एका क्षणी, मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी ठेवला नाही, पण वाटलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. म्हटलं, माणूस आहे हा.

महिन्याभराने आम्ही खंडव्याला होतो. गोष्टीत एक भांडखोर शेजारीण होती. हा लुगडं नेसून, बादली घेऊन माचावर आला. त्याने ओठ मिटले, हनुवटी वर केली आणि बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून फेकली. काकू होत्या त्या. पोटच्या पोराला दोनदा घालवलेली बाई दारात आलेल्या माणसावर शेणपाणी टाकते तेव्हा तिच्या मानेची शीर कशी उभी राहते, ते त्याने अंगावर पाणी घेत घेत बघून ठेवलं होतं. खंडव्याच्या लोकांना काकू माहीत नव्हत्या. त्यांना नुसती एक संतापी बाई दिसली आणि ते लोळले.

मी पेटीचा भाता लावून टाकला.

खेळ चालू होता. मागचा सूर गेला तसं त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग लोकांकडे वळून म्हणाला, की बघा, माह्या रागाले भिऊन पेटीची बी वाचा बसली. पुन्हा हशा. मी उठलो, चपला घातल्या आणि लोकांच्या समोरून चालत बाहेर पडलो. माझ्या चालण्याचंही त्याने काही केलं असणार. मागून हसू आलं होतं. मी वळून पाहिलं नाही. स्टेशनावर जाऊन बऱ्हाणपूरच्या गाडीत बसलो. पेटी फडाची होती, तिथेच राहिली.

पुढे मी लालबागेजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झालो. देवळात भजनाला तेवढं वाजवत असे. तात्या त्यानंतर दोन पावसाळे होते. तार त्यांनी पुन्हा ओढली नाही. ते गेल्यावर काकू भावाकडे गेल्या. शेजारचं घर एका तेल्याने घेतलं. काकूंच्या भावाला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं, की निदान तात्यांना शेवटी शुद्ध आली होती.

सोंगाड्याला मी पुन्हा एकदाच पाहिलं. सहासात वर्षांनी असेल. तापीकाठी जत्रा भरली होती. कुठला तरी नवा फड आला होता, दुपारचा खेळ चालू होता. मी पोरांना पाळण्यात बसवून जरा फिरत होतो, तर कनातीच्या कडेला तो बसलेला दिसला. तंबाखूने जबडा नासला होता. खालचा अर्धा चेहरा फडक्याने बांधला होता आणि फडकं ओलं झालं होतं. दुखरी बाजू वर राहावी म्हणून मान एका अंगाला टाकून बसला होता. वास असा येत होता की त्याच्याभोवती चार माणसांची जागा मोकळी होती. बोलता येत नव्हतं, हे शेजारच्या केळीवाल्याने मला सांगितलं. धर्मशाळेत राहतो म्हणाला, नळीने पेज पितो, पण खेळ असला की येतो.

माचावर एक नवा सोंगाड्या होता. बरा होता. त्याला याची ओळख नसावी. त्याने लोकांवरून नजर फिरवली आणि ती या फडक्यावर थांबली. मला कळलं आता काय होणार. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, जबड्याला गुंडाळला, मान टाकली आणि गुंगुं करत राजाला काहीतरी सांगू लागला. लोक हसू लागले. मागे वळून फडक्याकडे बघू लागले आणि आणखी हसू लागले.

मला वाटलं, हा उठेल. निदान तोंड लपवेल. मी दोन पावलं पुढेही गेलो. त्याला तिथून घेऊन जावं असं काहीतरी माझ्या मनात असावं.

त्याने हात वर केला. तोंडावर नाही घेतला. माचावरच्या त्या माणसाकडे बघून दोन बोटं हलवली, नाही म्हटल्यासारखी. मग आपली मान अजून थोडी डावीकडे टाकली, हनुवटी आत घेतली आणि तशीच धरली. त्याला किती कळ लागत असेल देव जाणे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माचावरच्याने पाहिलं. समजला तो. त्याने मान अजून टाकली, हनुवटी आत घेतली, आणि सोंग बरोबर बसलं. मघाचं हसू काहीच नव्हतं असं हसू उठलं.

मी तिथून निघालो. त्याच्याजवळ गेलो नाही, ओळख दिली नाही. थंडीत कधीतरी तो धर्मशाळेत मेला असं ऐकलं. त्या दिवशी पाळण्याशी जाईपर्यंत मी एकदा मागे वळून पाहिलं, तेवढंच. लोक त्याच्याकडे बोटं दाखवत हसत होते, आणि माचावरच्याला नीट दिसावं म्हणून तो मान तशीच धरून बसला होता.